टर्बो आणि सासूबाई

५ जानेवारी

आजपासून मागची खोली म्हणजे ऑफिस. दारावर पाटी नाही, पण आत शिरताना मी पायपुसण्यावर पाय पुसले. म्हणजे ऑफिसच. कालपर्यंत इथे इस्त्रीचं टेबल, मोडका पंखा आणि लेकीचे जुने बूट होते. (लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली, बूट घरीच राहिले.) आता तिथे माझा कॉम्प्युटर आहे! एक फोटो स्टुडिओ बंद होत होता, त्यांच्याकडून घेतला. विकणारा म्हणाला, "घोडा आहे हो घोडा." विकणारे दुसरं काय म्हणणार?

शोरूममध्ये इतकी वर्षं मी लोकांना स्वयंपाकघराची कपाटं दाखवली. परवा सोडलं. मालक म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमची खुर्ची कुणाला देत नाही. हौस फिटली की या परत." हौस! मी हसले आणि रस्ताभर दातओठ खात आले.

माझा धंदा असा : जागा बांधायच्या आधीच ती आतून फिरून दाखवायची. दार उघडलं, आत गेलो, खिडकीतून ऊन आलं, सोफ्यावर पडलं. सगळं कॉम्प्युटरवर, फिल्मसारखं. पहिलं गिऱ्हाईक मिळालंय, दातांच्या डॉक्टरबाई. त्यांना नवा दवाखाना काढायचाय. दोन भागीदार सत्तावीस तारखेला एका दिवसासाठी येणार आहेत. त्यांना फिल्म पटली तर दवाखाना माझ्या आराखड्याप्रमाणे होणार, नाही तर ते कुठलीशी तयार जागा भाड्याने घेऊन मोकळे होणार. आणि पटलंच, तर त्यांना आणखी दोन दवाखाने काढायचे आहेत!

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे जे नाहीच आहे, ते तू दाखवणार?"

"हो आई."

"आणि लोक ते बघणार?"

"हो."

"हं," म्हणाल्या आणि गेल्या. सासूबाई रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायच्या, अख्खा जन्म. त्यांचं साधं 'हं'सुद्धा घरभर ऐकू येतं.

आमचं भांडण वगैरे काही नाही. भांडायला जेवढं बोलावं लागतं, तेवढं आम्ही बोलतच नाही.

७ जानेवारी

सकाळी रडकुंडीला आले होते. आता मात्र हे लिहिताना पाय जमिनीवर ठरत नाहीयेत.

झालं असं. फिल्म म्हणजे हजारो चित्रं. एकेक चित्र कॉम्प्युटर स्वतः शिजवतो, म्हणजे ऊन कुठे पडेल, काचेत काय दिसेल, याचा सगळा हिशेब करून ते उभं करतो. मी शिजवायला लावलं आणि किती दिवस लागतील ते बघितलं, तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा! भागीदार सत्तावीस जानेवारीला येऊन जाणार, आणि माझी फिल्म ते गेल्यावर तयार होणार.

लेकीला फोन लावला. तिने मला कॉम्प्युटर सुरू होतानाच एक बटण दाबायला लावलं. निळा पडदा आला, त्यावर बारीक अक्षरांत शंभर गोष्टी. एकेक वाचून दाखवत गेले.

"थांब, थांब! मम्मी, टर्बो बंद आहे?"

"बंद असंच लिहिलंय."

"कुठल्या शहाण्याने बंद केलं? आणि त्याच्या खालचं? तेही बंद? अगं, तुझा प्रोसेसर एक हात मागे बांधून काम करतोय!"

दोन्ही चालू केलं. परत शिजवायला लावलं. बावीस तारीख! नुसती दोन बटणं, आणि महिन्याचं काम पंधरवड्यावर! मी नवऱ्याचा खुंटीवरचा रेनकोट काढला आणि त्याच्याबरोबर खोलीभर नाचले. खुद्द नवरा चष्म्याच्या दुकानात होता. तो दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. संध्याकाळी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अभिनंदन, साहेब." धंदा काढल्यापासून मला साहेब म्हणतो. मला आवडतं, पण त्याला सांगितलेलं नाही.

८ जानेवारी

एक शंका. टर्बो चालू केल्यापासून कॉम्प्युटर तापलाय. साधासुधा नाही. डब्याच्या मागे हात धरला तर केस वाळवायच्या यंत्रासारखी झळ येते. पंखे असे घोंघावतात की फोनवर डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही विमानतळावर आहात का?" पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावून घेतलाय. एक्याण्णव.

सगळ्यांना विचारत सुटले, की वेग वाढवला की तापमान वाढणारच का? लेक म्हणाली, "वाढणारच. जास्त वीज खातो, जास्त तापतो. पण तो तेवढं सोसायलाच बनवलेला असतो, काळजी नको." नवरा म्हणाला, "तू जिन्याने पळत वर आलीस की काय होतं? तेच."

"मी एक्याण्णववर जात नाही."

"मागच्या बुधवारी गॅस वेळेवर आला नाही तेव्हा गेली होतीस."

दुपारी दाराशी खरखर झाली. बघते तर सासूबाई आपली वेताची खुर्ची ओढत आत आणत होत्या. मी उठायच्या आत ती खिडकीशी लावून बसल्यासुद्धा.

"इथे बरं आहे. ऊब आहे," म्हणाल्या.

थंडी कडाक्याची पडलीय हे खरं, आणि त्यांचे गुडघे दुखतात हेही खरं. पण ऑफिसात सासूबाई! आता माझ्या प्रत्येक हालचालीवर डोळा राहणार.

१० जानेवारी

रोज येतात. दहाच्या सुमारास येतात आणि दिवे लागेपर्यंत बसतात. पहिल्या दिवशी पेपर आणला होता, आता तोही आणत नाहीत. चहा मात्र आणतात, दोन कप. एक कप त्यांच्या दुसऱ्या चहाचा असेल असं मला वाटलं होतं, म्हणून मी हात लावला नाही. शेवटी म्हणाल्या, "अगं, गार होतोय." तेव्हा कळलं, तो माझा.

आणि आकडे पुकारतात! मी मान खाली घालून काम करत असते आणि एकदम खोली दणाणते, "ब्याण्णव!" पहिल्यांदा माझ्या हातून डॉक्टरबाईंच्या स्वागतकक्षाची भिंतच पुसली गेली. मग सवय झाली. आज तर चुकून मीच विचारलं, "आई, आता किती?" त्यांनी घसा साफ केला. "त्र्याण्णव. एक अंश वर." असं सांगितलं, जणू हजार माणसं सामान घेऊन उभी आहेत.

एक गंमत. नवरा संध्याकाळी म्हणाला, "आईच्या खोलीतला हीटर दिवसभर चालूच होता. खोली तुझ्या ऑफिसपेक्षा गरम आहे." म्हणजे हीटरची ऊब त्यांना मानवत नसणार. कॉम्प्युटरची ऊब वेगळी असते की काय? लेकीला विचारायला हवं.

१३ जानेवारी

लिहवत नाही, तरी लिहिते.

सकाळपासून काम मंदावत होतं. तापमान शंभराला टेकलं होतं. लेक म्हणाली, फार तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, स्वतःला वाचवायला. म्हणजे टर्बो लावून कमावलेलं सगळं तापण्यातच जात होतं! बावीस तारखेची चोवीस झाली, चोवीसची सव्वीस. मी डब्याचं झाकण काढलं, वर्तमानपत्राने वारा घातला. सासूबाई पुकारत होत्या, "शंभर. अजून शंभर." आणि दुपारी चार वाजता खट्. पडदा काळा. पंखे गप्प. आठ दिवसांत पहिल्यांदा खोलीत इतकी शांतता झाली की मला सासूबाईंच्या बांगड्या ऐकू आल्या.

परत सुरू केला तर फिल्मची फाइल उघडेना. मी सगळी चित्रं एकाच फाइलमध्ये साठवत होते. ती अर्ध्यावर तुटली, म्हणजे सगळीच गेली. लेक फोनवर कळवळून म्हणाली, "मम्मी, एकेक चित्र वेगळं साठवायचं असतं गं!" आता मला कळलं. आता कळून काय उपयोग?

मी टेबलावर डोकं ठेवलं. शोरूमची ती खुर्ची डोळ्यांपुढे आली, चाकं कुरकुरणारी. उद्या फोन करावा आणि म्हणावं, फिटली हौस, असंच मनात आलं. मग बहुतेक मी रडले. बहुतेक कशाला, रडलेच.

आणि मागून आवाज आला. घरातला नाही. स्टेशनवरचा. स्वच्छ, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं.

"कृपया लक्ष द्या. दातांच्या दवाखान्याची गाडी रद्द झालेली नाही. ती उशिरा धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मी वळून बघितलं. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, चेहरा अगदी सरकारी. मला हसूच फुटलं. नाक गळतंय, डोळे गळताहेत, आणि हसतेय. मग त्याही हसल्या. नवरा कामावरून आला, तर आम्ही दोघी पोट धरून बसलेल्या. त्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "सगळं काम गेलं!" आणि परत आम्ही खो खो.

त्यांना हसताना दात दिसतात. मला माहीतच नव्हतं.

१४ जानेवारी

दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. उंच, गालावर ग्रीसचा डाग, बोलणं बंदुकीच्या गोळीसारखं. झाकण उघडलं आणि आत वाकून शीळ घातली. प्रोसेसरवर जो पंखा असतो, त्याच्याखाली धुळीची अख्खी टोपी बसली होती. स्टुडिओची सगळी वर्षं त्या टोपीत होती.

"म्हणून त्यांनी टर्बो बंद केला होता," दुरुस्तीवाल्या म्हणाल्या. "तापायला लागला, आवाज करायला लागला, तर साफ करायचं सोडून बटण बंद केलं."

"म्हणजे टर्बोने तापत नाही? धुळीने तापतो?"

"टर्बोने तापतोच. खोटं कशाला बोलू? पण तापण्याला हरकत नाही, ती उष्णता बाहेर पडायला हवी. आणि दुसरं, शेवटचा जो थोडासा वेग असतो ना, त्याच्यासाठी हा भरमसाट वीज खातो. तेवढा सोडून द्या. टर्बो चालू ठेवायचा, फक्त वर मर्यादा घालायची. वेग जरासा कमी होतो, ताप पुष्कळ उतरतो."

धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळली होती ती खरवडून नवी लावली, मोठा पंखा बसवला, मर्यादा घातली. सासूबाई खांद्यावरून बघत होत्या. मधेच दुरुस्तीवाल्यांना हळू आवाजात (म्हणजे फक्त शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या) विचारलं, "फार गार नाही ना होणार? थोडी ऊब राहू दे हं."

बिचाऱ्यांचे गुडघे.

सगळं करून मोजलं. कामाचं गाडं रुळावर आलं, पण गेलेले दिवस कुठून आणणार? शेवटचे जुळवाजुळवीचे दिवस सोडले, तर सत्तावीसपर्यंत दोन तृतीयांश चित्रं होतील. बाकीच्या खोल्यांचं काय?

१६ जानेवारी

अडुसष्ट! अडुसष्टच्या वर जातच नाही! घोडा आहे हो घोडा! विकणाऱ्याची मी माफी मागते. एकेक चित्र वेगळं साठतंय आणि दर थोड्या वेळाने मी फाइली मोजतेय, दुकानातल्या बरण्यांवर हात फिरवावा तशी.

खोली मात्र गारठली. म्हणजे सासूबाई आता काही यायच्या नाहीत. सुटले एकदाची, असं म्हणत सकाळी कामाला बसले. दहा वाजले. सव्वादहा. मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. पाण्याची बाटली टेबलावरच होती.

साडेदहाला आल्या. अंगात स्वेटर, त्यावर शाल, पायांत दोन-दोन मोजे, हातात दोन कप. "दूध उतू गेलं," म्हणाल्या आणि बसल्या. आकडा बघितला. "अडुसष्ट," इतकं नाराजीने पुकारलं की कॉम्प्युटरला वाईट वाटलं असेल.

मग मी त्यांना अडचण सांगितली. (मी त्यांना अडचण सांगितली! हे लिहून ठेवते.) चार खोल्यांची चित्रं हलणार नाहीत. एकेकच स्थिर चित्र दाखवावं लागणार, आणि तेही मुकाट. भागीदारांना जांभया येतील. त्यांनी पडद्यावरची माझी टिपणं चष्मा लावून मोठ्याने वाचली : "प्रतीक्षाकक्ष. पूर्वेची खिडकी. मुलांसाठी बुटकी बाकं." एवढंच वाचलं, आणि मला ती बाकं दिसली. ऊनसुद्धा दिसलं. मी खुर्चीतून उडालेच.

"आई! तुम्ही बोलायचं! चित्र थांबेल आणि तुमचा आवाज चालेल!"

त्या एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "छे गं. मी कसली आता."

१९ जानेवारी

रेकॉर्डिंग. कॉम्प्युटर शिजवतोय म्हणून पंख्याचा आवाज, तेव्हा आम्ही कपड्यांच्या कपाटात घुसलो. सासूबाई स्टुलावर, मी कोटांच्या मधोमध, फोन दोघींच्या मध्ये. हजारो माणसांना इकडून तिकडे धाडलेल्या बाईने कागद आधी उलटाच धरला.

तीनदा अडखळल्या. मग कागद मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "शेवटचं बोलले तेव्हा त्यांनी असंच एका खोलीत बसवलं होतं. एकपासून साठपर्यंत आकडे म्हणा, गावांची नावं म्हणा, 'येत आहे' म्हणा, 'जात आहे' म्हणा. दोन दिवस म्हणत होते. मग ते यंत्रात भरलं. पुढच्या महिन्यात मला फुलं दिली आणि घरी पाठवलं. अजून माझाच आवाज चालतो तिथे. मला कुणी बोलवत नाही." मग त्यांनी विचारलं, "हे एकदा बोलून झालं, की झालं का माझं काम?"

"छे हो आई! गिऱ्हाईक काय एकदाच सांगतं? आज बाक निळं, उद्या हिरवं. प्रत्येक बदलाला परत बोलावं लागणार. तुमची सुटका नाही."

यावर त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी चटकन बटण दाबलं. पहिल्या झटक्यात सगळं बिनचूक! मला वाटतं, कपाटात त्यांचा आवाज घुमत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

२३ जानेवारी

सगळं सुरळीत चाललंय. आज आम्ही दोघींनी दुपारभर चित्रं आणि आवाज जुळवले. "इथे मी श्वास घेते, तिथे दार उघड," असं सांगतात, आणि बरोबर सांगतात. जेवताना नवऱ्याने मीठ मागितलं तर दोघींनीही ऐकलं नाही.

२७ जानेवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाही तर एकदम शेवटच सांगून टाकीन.

सासूबाई बरोबर आल्याच. मी म्हटलं, "आई, आवाज फाइलमध्ये आहे, तुम्ही कशाला थंडीत?" तर म्हणाल्या, "यंत्राचा भरवसा नाही." निळा कोट घातला होता, नोकरीतला. बटणं लखलखीत.

डॉक्टरबाईंच्या जुन्या दवाखान्यातच दाखवायचं होतं. भिंतीवर मोठा टीव्ही. दोन भागीदार, एक जाडे, एक लुकडे, दोघेही घड्याळ बघणारे. मी लावलं. दार उघडलं, आत गेलो, ऊन आलं. चित्र सुरेख. आवाज? काहीच नाही. टीव्ही मुका. मी वायर काढली, घातली, डॉक्टरबाईंनी रिमोट आपटला. पडद्यावर प्रतीक्षाकक्ष येऊन थांबलेला. स्थिर. लुकड्यांनी विचारलं, "अडकलं का?"

मी परत वायरीला हात घातला. तेवढ्यात मागून—

"आपण आता प्रतीक्षाकक्षात आहोत. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन येत आहे. मुलांसाठी डाव्या हाताला बुटकी बाकं आहेत. घाबरलेल्या मुलांनी कृपया मासे बघावेत."

मासे कागदावर नव्हतेच! कोपऱ्यात मी एक काचेची पेटी ठेवली होती, उगीच, कोपरा रिकामा दिसत होता म्हणून. जाडे भागीदार पुढे वाकून मासे शोधायला लागले. सासूबाई उभ्या राहिल्या, हात मागे बांधले, आणि सगळा दवाखाना त्यांनी आवाजावर फिरवून आणला. खोली बदलली की श्वास, श्वास झाला की दार. कागद पिशवीतच राहिला. बाहेर दाढ धरून बसलेले दोन पेशंट दारात येऊन उभे राहिले.

संपल्यावर लुकडे म्हणाले, "भाड्याची जागा मी बघायलाच जात नाही." जाड्यांनी पहिल्यांदा माशांबद्दलच विचारलं. मग डॉक्टरबाईंनी ते सांगितलं : बाकीचे दोन्ही दवाखानेही मीच करायचे! मी "धन्यवाद" म्हणायला गेले आणि तोंडातून "अडुसष्ट" बाहेर पडलं. कुणाला काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं.

निघताना जाडे भागीदार सासूबाईंना म्हणाले, "बाई, आमच्याकडे पेशंटांना आत बोलवायला याल का? तुमचा आवाज ऐकला तर निम्मी भीती जाईल."

"जमायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी आमच्या ऑफिसात असते."

आमच्या! मी बघतच राहिले. रस्त्यात विचारलं तर म्हणाल्या, "चल लवकर, गारठा आहे."

२९ जानेवारी

शोरूमच्या मालकांना फोन केला. म्हटलं, खुर्ची देऊन टाका. चाकांना तेल मात्र घाला. नंतर रेनकोटबरोबर नाचणार होते, पण आज नवरा घरी होता, म्हणून त्याच्याबरोबर नाचले. रेनकोट जास्त हलका आहे.

२ फेब्रुवारी

दुसऱ्या दवाखान्याचं काम सुरू. थंडी हटत नाही. सासूबाई शाल गुंडाळून बसलेल्या बघून मला राहवेना. म्हटलं, "आई, प्रोसेसरची मर्यादा काढते. आता आत धूळ नाही, मोठा पंखा आहे, बिघडणार काही नाही. नव्वदीला जाईल, खोली मस्त गरम होईल."

"नको गं. कशाला त्याला दमवतेस? चांगला चाललाय."

"मग तुमचा हीटर इकडे आणू?"

"नको. त्या खोलीत छान आहे तो."

मला काही समजेना. रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तिकडे हीटर आहे, इकडे गारठा आहे. गुडघे दुखतात, तरी दिवसभर इकडेच. असं का?" त्याला ठसकाच लागला. पाणी दिलं, पाठ थोपटली. डोळे पुसत म्हणाला, "साहेब, तुला खरंच कळत नाही?"

"काय?"

"काही नाही. भाजी वाढ."

मला वाटतं, खिडकीमुळे. माझ्या खोलीत उजेड चांगला येतो, आणि या वयात उजेड लागतोच. तो चष्म्याच्या दुकानात असून त्याला हे सुचू नये म्हणजे कमाल आहे.

हे लिहीत होते तर सासूबाई दारात आल्या. झोपायला निघाल्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या.

"उद्या ऑफिस किती वाजता उघडणार?"

"दहाला, आई."

"मी साडेनऊला येते," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. त्यांच्या खोलीचं दार माझ्या दाराला लागूनच आहे. एवढ्यासाठी वेळ कशाला सांगायची, कोण जाणे. सव्वानऊला उघडून ठेवीन.